सात सीटांच्या गाडीने सिलीसेढला, शेवटच्या रांगेतून

संदीपने गाडी बुक केली रविवारी सकाळी, आणि मला कळलं संध्याकाळी, तेही पोळ्या लाटता लाटता. "आई, झालं काम. सात सीटर, सीएनजी, किलोला पंचवीस किलोमीटर." एवढं बोलून फोन बघत बाहेर गेला. मी म्हटलं, अरे, त्या सात सीटांत कोण कुठे बसणार ते तरी सांग. तर म्हणाला, "बसू की यार, सात सीट आहेत, सात माणसं आहेत."

मी चौथी शिकले. पण सातपर्यंत मलाही मोजता येतं. सात माणसं म्हणजे मी, आमचे हे, मुलगा संदीप, सून मेघना, सहा वर्षांची नात सई, आणि चार महिन्यांपूर्वी एकदम जोडीने आलेली दोन पिल्लं, एक मुलगा, एक मुलगी. डॉक्टरीणबाईंनी पोटात दोन आहेत म्हणून सांगितलं तेव्हा मेघना रडायला लागली होती आणि मी पेढे आणायला उठले होते. अजूनही सकाळी दोघांना मांडीवर घेतलं की मला दुसरं काही सुचत नाही. एकाला माझा चष्मा हवा असतो, दुसरीला माझं नाक. असो. तर आमची जुनी पाच सीटांची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली, दिल्लीच्या नियमात बसेना, म्हणून ती काढली आणि आता मोठी, पण कमी खर्चात पळणारी हवी, असा सगळा विषय.

बुकिंग बुधवारपर्यंत मागे घेता येतं, असं मेघना म्हणाली. म्हणून मी सोमवारी संदीपला घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला मुलगा गोड बोलणारा. त्याने आम्हाला दोन सिग्नलपर्यंत फिरवून आणलं, गाडीत आम्ही तिघंच. मी विचारलं, शेवटच्या रांगेत कोण बसतं? तो हसून म्हणाला, "आंटीजी, वहाँ तो दादी और बच्चे मज़े से बैठते हैं।"

"तुम्हारी दादी बैठती है?" मी विचारलं.

तो म्हणाला, दादी गाँव में रहती है।

तिथेच माझं डोकं फिरलं. घरी येताना मी संदीपला सांगितलं, हीच गाडी भाड्याने आण, दोन दिवस. सगळी माणसं, सगळं सामान घालू आणि कुठेतरी जाऊन येऊ. त्यानंतर तुझं तू ठरव. मेघनाने लगेच सिलीसेढचं नाव काढलं. राजस्थानात अलवरच्या पुढे तळं आहे, दिल्लीतल्या आमच्या मुनिरक्यापासून साडेतीन चार तास. मंगळवार, बुधवारची सुटी टाकली संदीपने. बुधवारी संध्याकाळपर्यंत परत, म्हणजे फोन करायला वेळ उरेल.

मंगळवारी सकाळी सहाला गाडी खाली लागली. आता वाचणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या, कारण हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. मधल्या रांगेत दोन बाजूंना दोन बेबी सीट बांधल्या. मधे मेघना, अंग चोरून. पुढे संदीप गाडी चालवायला, त्याच्या शेजारी आमचे हे, कारण ह्यांचे पाय लांब आणि रस्ता फक्त ह्यांनाच कळतो. राहिलो मी आणि सई. शेवटच्या रांगेत जायला मधल्या रांगेतली दाराकडची सीट दुमडावी लागते. पण तिच्यावर बेबी सीट बांधली की ती दुमडतच नाही. म्हणजे आधी आम्ही दोघी आत शिरायचं, मग दार बंद केल्यासारखी बेबी सीट बांधायची. बाहेर यायचं तर आधी ती सोडायची. डिकीतून यावं म्हटलं, तर तिथे सीएनजीचा सिलिंडर. त्याच सिलिंडरमुळे सामानाला जागा नाही, म्हणून एक बॅग सईच्या पायाशी, एक माझ्या मांडीवर, आणि धपाट्यांचा डबा माझ्या कुशीत. माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

"आई लहान चणीची आहे, बसेल," संदीप ह्यांना सांगत होता. मी तिथेच होते, दोन हात मागे. ह्यांनी मान हलवली.

निघण्याआधी गॅस भरायला थांबलो. सीएनजीच्या पंपावर भरताना गाडीत एकही माणूस बसलेलं चालत नाही, सगळ्यांनी उतरायचं. दिल्लीत राहून मला हे माहीत होतं, पण जुनी गाडी डिझेलची, स्वतः कधी उतरले नव्हते. रांगेत वीस पंचवीस मिनिटं गेली. नंबर आल्यावर मेघना उतरली, झोपलेल्या मुलाला उचललं, तो उठून रडायला लागला, बेबी सीट सोडली, सीट दुमडली, सई उडी मारून बाहेर, आणि मी आधी एक पाय, मग बॅग, मग डबा, मग दुसरा पाय. मागचा एक गाडीवाला हॉर्न देत होता. गॅस भरायला लागली तीन मिनिटं. परत सगळं उलट्या क्रमाने.

रस्ता मात्र चांगला. गुरुग्राम, सोहना, मग तो नवीन एक्स्प्रेसवे, गाडी अशी पळते की पोटातलं पाणी हलत नाही. असं पुढे बसलेले म्हणत होते. मागच्या रांगेत खिडकी उघडत नाही, वारा फक्त पुढून पोचतो, आणि चाक अगदी बुडाखाली, त्यामुळे प्रत्येक सांधा मला कळत होता. सईला दोनदा मळमळलं. तिला लिंबाची फोड चोखायला दिली. ही फोड बरोबर ठेवाच.

एक्स्प्रेसवेवर टोल कापला जातो, थांबायला लागत नाही, पण पिल्लं थांबवतात. तीन वेळा दूध, दोन वेळा लंगोट. मेघना म्हणाली, "आई, तुम्ही उतरू नका, किती खटाटोप." म्हणून मी दोन वेळा आतच बसून राहिले. बाहेर हे आणि संदीप हात लांब करून चहा पीत होते. मला कप खिडकीतून दिला असता, पण मघाशी सांगितलंच, ती उघडत नाही.

अलवरला प्याज कचोरी खाल्ली, गरम, वर आंबट चटणी. मोठी असते, एकीत दोघांचं होतं. कलाकंद घ्या, पण दुपारच्या आत, ताजा तेव्हाच असतो. दाणेदार आणि थोडा तांबूस असेल तोच घ्या, पांढरा दाखवतील तो नको. दुकानदाराने पिल्लांना बघून एक वडी जास्त टाकली आणि म्हणाला, "जुड़वाँ हैं? माताजी, आपके तो दोनों हाथों में लड्डू हैं।" माझ्या हातात त्या वेळी बॅग होती, पण माणूस मनाने चांगला.

तळं खरंच छान आहे. तीन बाजूंना डोंगर, पाणी हिरवट, लांबवर पाणकोंबड्या. तळ्यात मगरी आहेत, म्हणून पायरीवर खाली उतरू नका. माकडं आहेत, हातात खाऊ ठेवू नका. आम्ही जिथे उतरलो तिथून वरच्या गच्चीतून सगळं पाणी दिसतं. खोल्या साध्या, गरम पाणी सांगितलं की आणून देतात. संध्याकाळी पिल्लांना दुपट्यात गुंडाळून मी गच्चीत घेऊन बसले. मुलगी पाण्याकडे बघत होती. चार महिन्यांच्या लेकराला काय दिसतं कोण जाणे, पण बघत होती. मला इतकं बरं वाटलं की गुडघे विसरले.

तेवढ्यात खालच्या कट्ट्यावरून संदीपचा आवाज आला. तो ह्यांच्याशी बोलत होता. "बाबा, आईला त्रास होतोय. पुढच्या वेळेपासून ती घरीच राहिली तर तिलाच आराम. मागे फक्त सई, मग एक सीट दुमडून सामानही मागे मावेल. गाडी एकदम परफेक्ट होते."

हे म्हणाले, "अच्छा, हा विचार चांगला आहे."

मी गच्चीत बसून ऐकलं. रात्री जेवायला दाल बाटी होती, मी अर्धी बाटी खाल्ली. मेघनाने विचारलं, मी म्हटलं पोट भरलंय. मला ओरडायचं होतं, पण कशावर ओरडू? तो वाईट काही बोललाच नव्हता. आरामच म्हणाला. गाडी किलोला पंचवीस देणार, सामान मावणार, सगळं बसणार, फक्त मी नाही बसणार. आणि ते माझ्याच भल्यासाठी. पिल्लं पहिल्यांदा समुद्र बघतील, पहिल्यांदा मामाकडे नाशिकला जातील, तेव्हा मी मुनिरक्यात आराम करत असणार.

बुधवारी बाराच्या सुमाराला निघालो. अलवरच्या बाहेर संदीपने पुन्हा गॅसच्या रांगेत गाडी घातली. नंबर आला. मागच्या आम्ही दोघी सोडून सगळे उतरले. मेघना बेबी सीट सोडायला लागली तेव्हा मी म्हटलं, राहू दे, मी उतरणार नाही.

"आई, गुडघा दुखतोय का?"

"गुडघा ठीक आहे. मी उतरणार नाही."

पंपावरचा माणूस आला. "माताजी, उतरना पड़ेगा, नियम है।"

"नियम मुझे मालूम है भैया। आप गैस मत भरो।"

"पीछे लाइन लगी है माताजी।"

"मैं भी पीछे ही बैठी हूँ।"

तो संदीपकडे बघायला लागला. मागे हॉर्न सुरू झाले. संदीप उघड्या दारातून वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तमाशा नको ना." मी म्हटलं, तमाशा करत नाहीये, आराम करतेय. तू काल बाबांना सांगितलास तसा.

त्याचा चेहरा उतरला. सगळ्यांना बसवून त्याने गाडी रांगेतून बाहेर काढली. ह्या गाड्यांत पेट्रोलची टाकीही असते, त्यावर ती पुढे चालली, आणि दोन किलोमीटरवर एका ढाब्याच्या सावलीत त्याने थांबवली.

"आई, मी तुझ्या भल्यासाठी बोललो."

"मग माझ्याशी का नाही बोललास? बाबांशी का?"

हे मधे पडले. "अगं, त्याला कुठे माहीत होतं तू ऐकतेयस."

"अहो, तेच तर म्हणतेय मी. तुम्ही दोघांनी मला गाडीतून उतरवलंत आणि मला पत्ता नाही. तो पंपावरचा माणूस निदान तोंडावर सांगतो." मग मी जे मनात होतं ते सगळं बोलले. बेचाळीस वर्षं दिल्लीत झाली, स्कूटरवर मागे बसले, बसमध्ये उभी राहिले, पहिल्या गाडीत मधे बसले, कारण खिडकी मुलांना हवी. कधी काही म्हटलं नाही. पण ही दोन पोरं माझ्या हातांत वाढतायत, आणि त्यांच्याच गाडीत मी सामानाच्या आड येते, हे मी ऐकून घेणार नाही.

सई म्हणाली, "आजी, तुला रडू येतंय का?" मी म्हटलं, नाही गं, राग येतोय, तोही डोळ्यांतूनच येतो.

मग मेघना पुढे झाली. तिने मुलगी माझ्याकडे दिली, बेबी सीट सोडली, मला हात देऊन बाहेर काढलं आणि संदीपकडे हात पुढे केला. "चावी दे. मी चालवते. तू मागे बस."

"मेघना, माझी उंची..."

"किलोला पंचवीस, संदीप. बस."

तो बसला. मान वाकडी, गुडघे छातीशी, मांडीवर बॅग. पुढच्या सीटकडे ह्यांचे पाय आपसूक वळले होते, पण मेघना म्हणाली, "बाबा, तुम्ही मधे या, पिल्लांच्या मधे. आई पुढे." हे निमूट मधे शिरले. दोन्हीकडून लाळेचे हात ह्यांच्या शर्टावर. सोहन्यापर्यंत दोनदा थांबलो, संदीपला कोणी उतरवलं नाही, किती खटाटोप. गुरुग्रामला जॅम लागला, पाऊण तास. मागून फक्त एकदा आवाज आला, "सई, तुझ्या पिशवीत लिंबू आहे का?"

पुढच्या सीटवरून रस्ता केवढा दिसतो. मी सगळे बोर्ड वाचत आले, हळूहळू, पण सगळे.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजायचे होते. बेबी सीट सोडून संदीपला बाहेर काढलं तर तो मिनिटभर गाडीला धरून उभा राहिला. वर जाऊन त्याने पाणी प्यायच्याही आधी शोरूमला फोन केला आणि बुकिंग मागे घेतलं. शनिवारी आम्ही सातही जण दुसऱ्या शोरूममध्ये गेलो, दोन्ही बेबी सीट घेऊन. तुम्हीही घेऊन जा, लाजू नका, तिथेच बांधून बघा. तिथे हायब्रिड गाडी बघितली, पेट्रोलची, बरोबर बॅटरी, ती चालता चालता आपली आपण भरते. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट आणि त्यांच्या मधून चालत मागे जायला वाट, बेबी सीट बांधलेली असली तरी. शेवटच्या रांगेत तीन सीट, आणि गुडघ्यांना हवा लागते. सिलिंडर नाही, म्हणून डिकी रिकामी. किंमत जास्त आणि तीन महिने थांबायचं. गॅसइतकी स्वस्त पळत नाही, पण फार मागे नाही, आणि भरताना कोणाला उतरवत नाहीत. संदीपने तीच बुक केली.

राग गेला म्हणाल, तर नाही गेला. तळं आठवतं, कलाकंद आठवतो, आणि गच्चीवर ऐकलेलं वाक्यही आठवतं, आणि मग मी भांडी जरा जोरात ठेवते.

परवा संदीप स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, नव्या गाडीत पुढची सीट तुझी. बाबांना मी सांगितलंय."

मी म्हटलं, पुन्हा तेच. तूच ठरवलंस आणि बाबांना सांगितलंस.

तो ओट्यापासून सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. विचारतो. आई, तुला कुठे बसायचंय?"

आणि खरं सांगते, मी मनातल्या मनात एकेका सीटवर बसून बघितलं. पुढे बसले तर रस्ता दिसतो, पण पिल्लं पाठीमागे राहतात. मागे बसले तर पिल्लं समोर दिसतात, पण रस्ता दिसत नाही. हे कोणी मला आजवर विचारलंच नव्हतं, म्हणून मीही कधी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

रोज संध्याकाळी तो ऑफिसातून आला की विचारतो, ठरलं का आई. मी म्हणते, गाडी यायला वेळ आहे अजून, थांब जरा.