जोहराला लिस्बनला का नेलं

जोहरा मूळची हर्णैची. मस्कतला लागून असलेल्या मत्रहमध्ये अदीबा नावाच्या विधवा ओमानी बाईंकडे ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. मुलाच्या नावावरून सगळे बाईंना उम्म सुफियान म्हणत. जोहराही तसंच म्हणायची. एवढ्या वर्षांत बाईंनी तिला तिथल्याच इब्रा गावापलीकडे कुठे नेलं नव्हतं. त्यामुळे सप्टेंबरात त्या जेव्हा म्हणाल्या, "चल, लिस्बन बघून येऊ," तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या घरी कामाला असलेली अमरीन सरळच म्हणाली, "फिरवायला कोण नेतं गं? तिकडच्या नातेवाइकांकडे ठेवून येतात."

लिस्बनमध्ये बाईंची भाची राहायची. पहिल्याच सकाळी हॉटेलात बाईंना फोनवर अरबीत बोलताना जोहराने ऐकलं. "उद्या अकराला येतो. नाही, जोहराला काही माहीत नाही."

 तिचा पासपोर्टही बाईंच्या पर्समध्ये होता.

पिवळ्या ट्रामने त्या चढावरच्या किल्ल्यावर गेल्या. बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. माणूस पळून जाऊ नये म्हणून धरतात तसं, जोहराला वाटलं.

"काय दिसतंय खाली?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच बघा ना. लाल कौलं. नदी."

"पोर्तुगीजांनीच बांधला ना आपला मत्रहचा किल्ला? तसाच आहे का हा?"

"याच्यापुढे आपला म्हणजे पोरगं."

मग निळ्या फरशांनी मढवलेली चर्चची भिंत आली. "निळा कसा? समुद्रासारखा?" बाई विचारतच राहिल्या. मला बोलतं ठेवतायत, विचार करू देत नाहीत, असं जोहराने ठरवून टाकलं.

दुपारी गल्लीतल्या एका खाणावळीत निखाऱ्यावर तारल्या, हर्णैला मिळते तीच मासळी, भाजत होत्या. चरबी डुकराची नाही ना, हे वेटरला दोनदा विचारून जोहराने त्याच मागवल्या. बाई हात धुवायला गेल्या, पर्स खुर्चीवर ठेवून. जोहराने झटकन ती उघडली. दोन्ही पासपोर्ट होते, परतीची तिकिटंही दोन होती. मग हे अकराचं काय?

तिने मान वर केली, तर बाई परत येऊन भलत्याच टेबलाशी बसल्या होत्या. समोरच्या लाल ड्रेसमधल्या अनोळखी बाईला त्या शांतपणे म्हणाल्या, "जोहरा, काटे काढून दे गं."

ती बाई बघतच राहिली. जोहराने धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

"कधीपासून दिसत नाही?" जोहराने विचारलं.

"रमजानपासून. समोरचं पुसलं गेलंय, कडेचं थोडं दिसतं. तुझा चेहरा दिसत नाही." बाईंचा आवाज बारीक झाला. "उद्या अकराला डॉक्टर आहे, भाचीने ठरवलाय. मस्कतमध्ये दाखवलं असतं तर दुपारपर्यंत सुफियानला कळलं असतं. घराला कुलूप लावून मला त्याच्या फ्लॅटमध्ये नेलं असतं त्याने."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही."

जोहराने पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. "मी तुमची पर्स उघडली आत्ता. वाटलं, मला इथे ठेवून जाणार तुम्ही."

बाईंनी पर्स जवळ ओढली. "एकोणीस वर्षांत एवढंच ओळखलंस मला?"

"तुम्ही तरी मला काय ओळखलंत?"

तारल्या आल्या. जोहराने एकेक उलगडून काटे काढले आणि मांस बाईंच्या पानात सरकवलं. बाई चाचपडत जेवल्या.

जेवण झाल्यावर जोहरा म्हणाली, "उद्या मी येते. पण घरी गेल्यावर सुफियानला तुम्ही सांगायचं. मी नाही लपवणार."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो म्हणा."

"हो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन घेतलं तर उरलेलं टिकेल.

मत्रहला पोचल्यावर बाईंनी मुलाला सांगितलं. सुफियान दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि तिला स्वतः मस्कतच्या दवाखान्यात घेऊन गेला. घर अजून उघडं आहे, बाई तिथेच राहतात. पण हल्ली तो आला की प्रत्येक खोलीत डोकावून जातो, आणि जोहरा चूल बारीक करून त्याच्या मागोमाग फिरते.