चिंगीच्या वाटणीचं दूध

अंगावरचं पोर म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावर ते कधी लोंबलं नाही त्यानं सांगूच नये. इंग्रज जाऊन चार-दोन वर्षं झाली होती. पनवेलच्या खाडीकाठी, मिठागरावर राबणाऱ्या हौसाच्या अंगावर तर दोन-दोन होती.

एक तिची स्वतःची चिंगी, नुकती पावलं टाकणारी. दुसरा जावेचा. जाऊ भामा बाळंतपणात गेली आणि सासूनं, गंगाबाईनं, ते उघडंवाघडं पोर सरळ हौसाच्या मांडीवर आणून ठेवलं.

"आये, माझ्या एकीलाच पुरत नाय," हौसा म्हणाली.

"मग ह्याला कुनाच्या दारात टाकू?"

हौसानं पोर पदराखाली घेतलं. दिवसभर मिठाच्या पाट्या वाहून अंग मोडून यायचं, घरी आली की दोघं झोंबायची. चिंगी दांडगी. बारकं उपाशी राहायचं, सुकत चाललं. शेवटी गंगाबाईनं कडुलिंबाचा पाला वाटला. चिंगी आली की हौसानं तो छातीला लावायचा, बारक्यासाठी धुऊन टाकायचा.

चिंगीनं तोंड लावलं, थू थू केलं आणि आईकडे बघत भोकाड पसरलं. हौसाही रडली. पण रडून का कुणाचं पोट भरतं? पोर आजीच्या कुशीत पेजेवर वाढू लागली. 'हा जगला की माझ्या चिंगीला परत घेईन, पोटभर पाजीन,' एवढ्या आशेवर हौसा पाट्या वाहत होती.

बारक्यानं बाळसं धरलं. तोवर त्याच्या बापानं, हौसाच्या दिरानं काशिरामनं, दुसरं लग्न केलं. नवीला माहेरून दुभती म्हैस आली होती.

"वयनी, तुमचं लई उपकार हायेत," म्हणत त्यानं पोर उचललं. उपकार म्हणे! पोर गेलं, दूध थोडंच गेलं? हौसाची छाती ठणकायला लागली.

तिनं चिंगीला मांडीवर ओढलं. "पी गं माझे बाय. आता सगळा तुजाच हाय."

चिंगीनं तोंडात धरलं, जिभेनं चाचपलं आणि खुदकन हसली. ओढायचं कसं, तेच ती विसरून गेली होती. थोडा वेळ खेळली, मग उतरून आजीचं लुगडं ओढू लागली, "भूक, भूक."

हौसाची चोळी भिजत होती.

"आये, तिला काय तरी दे," ती म्हणाली. "माझ्याच्यानं आता उठवत नाय."