लव्हबर्डचं पाचवं अंडं

“सून अंडं कानाले लावून बसून राह्यते जी, डॉक्टरसायेब. आज तिसरा दिवस. जेवत नाई.”

दयारामभाऊ दवाखान्याच्या दारात उभे होते. देवरीतले धानाचे व्यापारी. एरवी रस्त्यावरूनच ओरडत येणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज पार उतरलेला. मी गुरांना बुळकांडीची लस टोचायला अठरा दिवस चोरखमारा गावाकडे कॅम्पवर होतो. सकाळच्या बसने नुकताच परतलो होतो.

“भाऊ, मी ढोरांचा डॉक्टर. सुनेला मी काय करू?”

“अंडे तुमीच ठेवले ना जी!”

हे मात्र खरं होतं.

त्यांच्या मुलाने कलकत्त्याहून लव्हबर्डची एक जोडी आणली होती. हौसेने पिंजऱ्यात मडकी टांगली, दाणा भरपूर ठेवला. पाखरांना आणखी काय हवं? दोनाची चौतीस झाली. त्यातली जुनी हिरवी मादी अंडी घालून घालून नुसती हाडं-पिसं उरली होती. अंगातला चुना संपला की अंडं आतच अडकतं आणि मादी मरते. म्हणून कॅम्पला जाताना मी दोन कामं केली. नर शेजारच्या दुसऱ्या पिंजऱ्यात काढले. चोचीवरची गादी निळी तो नर, तपकिरी ती मादी. दुसरं काम मडक्यातल्या पाच अंड्यांचं. ती नुसती उचलली तर मादी पुन्हा घालते. म्हणून उकडून परत ठेवायची. ती त्यावर बसते, कंटाळून उठते, तोवर तिचं शरीर सावरतं.

पण घर कंठीधारी, माळकऱ्यांसारखं शाकाहारी. चुलीजवळ अंड्याचं नाव काढायची सोय नाही.

“घरात बोलू नका जी,” दयारामभाऊ बायकोच्या धाकाने म्हणाले होते. “बुढीले समजलं तं पिंजरा अंगणात फेकंल.”

मग मी दवाखान्याच्या स्टोव्हवर अंडी उकडली, खूण म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली आणि गुपचूप ठेवून आलो. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

आता त्यांच्या घरी जाताना दयारामभाऊंनी उरलेलं सांगितलं. सून कौसल्या. दोन मुलं पोटातच गेलेली. हा तिसऱ्या खेपेचा सातवा महिना. मादी अंड्यांवर बसली तेव्हा तिने मनाशी गाठ बांधली होती: हिचे फुटले तं माझं जगंल. पिल्लं निघायचे दिवस उलटून गेले. आणि तीन दिवसांपासून, ती म्हणत होती, पोटातलंही हालत नव्हतं. गोंदियाहून नर्सबाई उद्या येणार होत्या.

मी झपझप चालू लागलो.

पिंजरा मागच्या खोलीत होता. भर दुपार, तरी आत अंधारलेलं. पाखरांचा कलकलाट चालू होता. कौसल्या पिंजऱ्याला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, ओच्यात चार अंडी, पाचवं मुठीत. तिने मूठ कानाशी नेली आणि दोन्ही पिंजऱ्यांतली चौतीसच्या चौतीस पाखरं एकदम गप्प झाली. का, ते मला आजही माहीत नाही.

“हे चार मुके हायेत,” ती म्हणाली. “हे एक सकाळपासून बोलून राह्यलं. घरचे म्हणते, मले भरम झाला.”

 ते अंडं मी माझ्या हाताने उकडलं होतं.

खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. “बाई, यात काही मेलं नाही. मी उकडून ठेवली होती,” असं म्हणत मी एकेक करून चारही अंडी फोडली. आत घट्ट, थंड पिवळा बलक. तिच्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी “राम राम” म्हणत तोंड फिरवलं.

“तेही द्या. तेही उकडलेलंच आहे.”

“नाई.”

“बाई...”

“आयका तं!”

तिने मूठ माझ्या कानाशी धरली. आतून टकटक. मग बारीक, अगदी बारीक चीं.

मी ते अंडं उजेडात धरलं. त्यावर फुली नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी चाचपलं, तर भुशात फुलीवालं पाचवं सापडलं. मादीने ते ढकलून दिलं होतं आणि मी गेल्यावर लगेच स्वतःचं नवं घातलं होतं. नर काढला तरी मादीच्या पोटात त्याचं बीज काही दिवस टिकतं. फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू कवचातच बोलतं. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. ऐकलं मात्र तिने.

तिने अंडं माझ्या हातातून घेऊन जपून मडक्यात ठेवलं. मग दारात थांबलेल्या दयारामभाऊंकडे वळली. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. पदर तसाच ठेवून ती म्हणाली, “मामाजी, तुमाले मालूम होतं?”

दयारामभाऊंनी खाली बघत मान हलवली.

“मालूम होतं आन् मले तीन दिवस रडू देल्लं?”

“तुले कसा सांगू, बाई? तुयाशी कधी बोललोच नाई,” ते म्हणाले आणि दारातच खाली बसले.

 तिने सासूकडे भात मागितला.

पिल्लू दुसऱ्या दिवशी निघालं. नर्सबाईंनी पोटाला नळी लावून ठोके ऐकले, म्हणाल्या चांगले आहेत. दोन महिन्यांनी मुलगी झाली. हिरवी मादीही जगली. मडकी मी काढून आणली.

त्यानंतर मी बऱ्याच घरी अंडी उकडून ठेवली. फसवायचं असतं ते मादीला. घरातल्या माणसांना मी आधी एका खोलीत बसवून सगळं सांगतो, सुनेसकट.