तुळशीबाय आणि फूग

गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या झाई गावची तुळशीबाय तलासरीच्या बाजारात सुके बोंबील विकते. आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो, आणि भाव म्हणाल तर जराही खाली येणार नाही. "घ्यायचे तर घे, नाहीतर वास घेऊन जा फुकट," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणणारी बाई. माझं नि तिचं तर दर बाजाराला वाजायचं. मीही कमळी आहे, ऐकून घेणारी नाही. पण आज तिला कुणी वाकडं बोललं तर गाठ माझ्याशी आहे.

दोन हजार सोळा साली माझी प्रगती सहा वर्षांची होती. ताप हटेना, मानेला गाठी, पोट टम्म. टीबी समजून औषधं झाली, सगळी वेळेवर दिली, तरी पोरगी वाळतच चालली. मग गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथे मानेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फूग छे. आखा शरीरमां फेलाई गई छे." अख्खं शरीर आम्हाला कळलं, नि फूग तर आमचाच शब्द. फूग म्हणजे सूज. आमच्या पाड्यात आजारी माणसाच्या सगळ्या अंगावर सूज चढली की लोक समजून जातात. त्याला घरी आणतात, निदान आपल्या माणसांत जीव जाऊ दे म्हणून. डॉक्टर पुढेही बरंच बोलत होते. पण माझ्या नवऱ्याने, लहान्याने, पोरीला उचललं नि तो चालू लागला. मीही मागोमाग गेले. आणखी काय विचारणार होते?

तलासरीला उतरलो. पाड्याकडची जीप भरेपर्यंत बाजाराच्या कडेला बसलो. तुळशीबाय तिथूनच ओरडली, "काय गो कमळे, आज भांडायला नाही आलीस?" मला रडूच फुटलं. फूग सगळ्या अंगात गेलीय, पोरीला घरी नेतोय, एवढंच कसंबसं सांगितलं.

"कोण म्हणालं? गुजराती डॉक्टर?" ती उठलीच. "अगो येडे, गुजरातीत सुजेला सोजो म्हणतात! फूग म्हणजे बुरशी. पावसाळ्यात या बोंबलांवर पांढरी धरते ना, ती! औषध आहे का ते तरी विचारलंस?"

माझ्या अंगाची आग झाली. "बुरशी? माझी पोर काय शिळी भाकर आहे? मी काय कुजकं खायला घालते तिला?"

"भांड, भांड, पण रिक्षात बसून भांड!" तिने टोपली शेजारच्या रखमीच्या हवाली केली नि आम्हाला परत फिरवलं. बाजार ऐन भरात होता, गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी.

डॉक्टर आम्हाला शोधतच होते. ते बोलत गेले नि तुळशीबाय मराठीत सांगत गेली. ही बुरशी श्वासातून आत शिरते आणि मग अंगभर पसरते. बहुतेक ती ज्यांची ताकद आधीच गेलेली असते त्यांना धरते. प्रगतीच्या रक्तात तशी काही खोट नाही, पण क्वचित धडधाकट पोरांनाही होते. आईचं काही चुकलेलं नाही. औषध आहे, दाखल करावं लागेल. आधी सलाईनमधून, मग खूप महिने गोळ्या.

"वाचेल का विचार," लहान्या म्हणाला. तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजच सुरू केलं तर आशा चांगली आहे. हे आम्हाला सांगितलं नि तिने पोरीला लहान्याच्या हातातून घेऊन थेट खाटेवर ठेवलं.

औषध जहाल होतं. ते चढलं की पोर थंडीने थरथरायची. तुळशीबाय बाजार आटोपून यायची, मला शिव्या घालत जेवायला बसवायची. हळूहळू ताप उतरला, पोट बसलं. एके सकाळी प्रगतीने स्वतःहून भात मागितला. तुळशीबाय आल्याबरोबर मी तिच्या पायाच पडले. "ऊठ गो, लोक हसतात," म्हणून तिने मला दटावलं. हसू देत. तिचे उपकार मी या जन्मी विसरायची नाही.

पुढच्या वर्षी गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासायला आणा. परतताना आम्ही थेट तुळशीबायकडे गेलो. आमच्या बोलण्यातून प्रगतीने काहीतरी ऐकलं असावं. मध्येच तिने विचारलं, "आई, त्या दिवशी दवाखान्यात औषध होतं, तर तुम्ही मला घरी कशाला नेत होता?"

लहान्याने मान खाली घातली.

"मला भेटायला गो," तुळशीबाय म्हणाली, "दुसरं कशाला!"