माझ्या छातीतली ढिली तार

मी पलंगावर उघडा पडलो होतो. छातीला, मनगटांना तारा लावलेल्या. डॉक्टर कागदाच्या पट्टीकडे बघत होता. माझ्याकडे एकदाही नाही. मग म्हणाला, "तुमच्या वाडीत सकाळी काय पिता? चहा, का दुसरं काही?"

सिस्टर हसली. दाराला नुसता पडदा, त्यामुळे बाहेर बाकावरचेही हसले.

मी सांगत होतो की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधार येतो, परवा रेल्वे फाटकाचं चाक फिरवताना गुडघ्यावर पडलो. डॉक्टरने पट्टी गुंडाळली. "यंत्र उत्तम चाललंय. फुकटात मिळालंय आणि वर तक्रार. डोंगरातली माणसं तुम्ही, तुम्हाला कसली चक्कर? ऊठ."

मी उठलो. सदरा उलटा घातला. तसाच बाजारातून चालत गेलो.

यंत्र म्हणजे पेसमेकर. साबणाच्या वडीएवढा डबा, डाव्या खांद्याखाली कातडीत शिवलेला. त्यातून एक तार थेट काळजात. चाळिशी ओलांडली आणि माझं हृदय मधेच थबकायला लागलं. परदेशातून दान आलेल्या यंत्रांतलं एक माझ्या वाट्याला आलं. आमच्या डोंगरातल्या कोळ्यांच्या वाडीत मोठा बोलबाला झाला. म्हाताऱ्या माझ्या छातीला कान लावून जायच्या.

त्याआधी मी रेल्वेत चावीवाला होतो. खंडाळ्याकडचा रूळ रोज पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की हातोडीने ठोकायच्या. ऑपरेशननंतर हलकं काम म्हणून कार्ल्याच्या बाजूच्या फाटकावर बसवलं. हलकं खरं. पण फाटक अर्धवट असताना मी पडलो, तर रुळावर बैलगाडी असेल, नाहीतर भरलेली एसटी. मी एकटा जाणार नव्हतो.

डॉक्टर महिन्यातून एका रविवारी पुण्याहून लोणावळ्याला यायचा. पुढच्या महिन्यातल्या रविवारी माझ्या आधी खंडाळ्याच्या बंगल्यातले एक साहेब होते. त्यांच्या छातीतही तसलाच डबा. पडदा नीट ओढलेला नव्हता. मी फटीला डोळा लावला.

साहेबांची तक्रार अशी, की डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात. झालं. डॉक्टरने त्यांना बसवलं, उठवलं, वाकवलं, खोलीत चालवलं. पत्ते वाटताना हात कसा नेता, तेही करायला लावलं. मग एक छोटी पेटी छातीवर धरून काहीतरी फिरवलं. "आता कसं वाटतंय आपल्याला?"

साहेब डोळे मिटून म्हणाले, "अजून किंचित कमी."

डॉक्टरने अजून किंचित कमी केलं. शिंपी कोटाची बाही बेतावी तसं. अर्धा तास.

मला दोन मिनिटं. आडवं हो, हलू नको, ऊठ.

मला त्यांच्या बंगल्याचा हेवा वाटला नाही. मोटारीचाही नाही. त्या 'अजून किंचित'चा वाटला. त्या माणसाची झोप चाळवते म्हणून अर्धा तास, आणि मी पडतो तर माझ्या तोंडाला वास कशाचा येतो ते बघायचं. त्या रात्री मी मुद्दाम डाव्या कुशीवर झोपलो. एकही ठोका ऐकू येईना. त्याचाही हेवा वाटला.

बायको म्हणाली, "उशी असंल तर ऐकू यील. आपल्याकडं गोधडीची वळकटी हाय."

दुसऱ्या दिवशी मी तिला साहेबांची नक्कल करून दाखवली. नकला मला पहिल्यापासून छान जमतात. डोळे मिटले, मान तिरकी केली, पत्ते वाटायला डावा हात झोकात वर नेला, आणि धाडकन पडलो. बायको पोट धरून हसत होती. तिला वाटलं, हेही साहेबांचंच.

डोळे उघडल्यावर मी म्हणालो, मनगट धर. बसूनच हात पुन्हा हळूहळू वर नेला. तिचं हसू गेलं.

"थांबतंय," ती म्हणाली. "हात वर गेला का थांबतंय."

तेव्हा माझ्यातला चावीवाला जागा झाला. रिकामा रूळ कधीही उत्तमच दिसतो. रुळाखालचा स्लीपर दबतो का, हे गाडी वरून जाताना बघायचं असतं. डॉक्टर मला दर वेळी आडवा पाडून, हात बाजूला ठेवून तपासत होता. म्हणजे रिकामा रूळ. तार कुठेतरी ढिली होती, आणि फाटकाचं चाक फिरवताना हात वर जात होताच.

पुढच्या खेपेला ड्यूटीवरून तसाच गेलो. डॉक्टरने पट्टी बघितली. "उत्तम. ऊठ."

मी उठलो नाही.

"हात वर करतो. पट्टी चालू ठेवा."

"बाहेर लोक थांबलेत."

मग मात्र उठलो. तारा अंगावर तशाच. पिशवीतून फाटकावरचा लाल झेंडा काढला आणि दाराच्या चौकटीत आडवा धरला. चावीवाल्याला धोका दिसला, की आधी गाडी थांबते. साहेब लोक मग येऊन बघतात. खोटा निघाला तर त्याची नोकरी जाते, पण त्याला चहा का दारू असं कुणी विचारत नाही.

"गाडी थांबवली," मी म्हणालो. "आता बघा."

सिस्टरनेच पट्टीचं यंत्र चालू केलं. मी चौकटीला पाठ टेकून डावा हात वर नेला. पट्टीवरचे डोंगर गेले. सपाट रेघ. माझे गुडघे वाकले, तसा तिने हात खाली ओढला. डोंगर परत आले.

डॉक्टरने पेटी आणून छातीतल्या यंत्राचा जोर वाढवला, तार बदलायला पुण्याची चिठ्ठी लिहिली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं. तुमी चहाचं इचारलंत."

तार बदलली. चक्कर गेली. हेवा गेला नाही, आणि मी तो जाऊ देणार नाही. हेवा वाईट, असं पोट भरलेले म्हणतात. मी तर त्याच्याच जोरावर तगलो. साहेबांना नुसतं तोंड उघडावं लागलं. मला दार अडवावं लागलं.

आता त्या रविवारी मी रिकामा जात नाही. गेल्या महिन्यात वाडीतल्या मावशीला नेलं. ती चार पावलांवर धापा टाकते. डॉक्टरने मला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "तुझं काय आता?"

"माझं काय न्हाई," मी म्हणालो आणि स्टूल ओढून बसलो. "मावशी सांगंल. ती थांबस्तवर तुमी ऐकायचं."