लवंगेचं आंबोण

माझी आत्या आणि तिचा नवरा मळवलीत एका बंगल्याची राखण करतात. राहायला फाटकाशेजारची एक खोली. कुसगावातलं घर दिरांनी वाटून घेतल्यापासून त्यांना दुसरं छप्पर नाही. खोलीमागच्या गोठ्यात मालकीणबाईंची गीर गाय असायची. बाई सुट्टीला मुंबईहून यायच्या, गाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायच्या आणि जायच्या. शेण फोटोत येत नाही.

गाय व्यायली तेव्हा मी आत्याकडेच होते. बाईंनी छोट्या बाटल्या आणल्या. लवंग, दालचिनी, ओव्याची तेलं. गुरांच्या खाद्यात औषधांऐवजी वनस्पतींचे अर्क घालतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलेलं खोटं नव्हतं. पण किती आणि कसं, हे ऐकायला त्या थांबल्या नव्हत्या.

"ताई, दोन्ही वेळच्या आंबोणात झाकणभर. एकदम नॅचरल दूध येईल. पाहुण्यांना तेच देऊ."

आत्यानं पेंड आणि कोंडा भिजवला, त्यात तेल ओतलं. घमेलं पुढं ठेवताच गाय इतकी मागं सरली की दावं ताणलं. त्या उग्र वासानं माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

"खात न्हाई म्याडम," आत्या फोनवर म्हणाली.

"भूक लागली की खाईल. दुसरं काही टाकू नका हं. कॅमेऱ्यात दिसतं मला."

गोठ्याच्या आढ्याला कॅमेरा होता. चोर येतील म्हणून लावलेला. आता तो पेंढ्याच्या काडीवर पहारा देत होता.

गाईच्या बरगड्या दिसू लागल्या. वासरू रिकाम्या आचळाला ढुशा द्यायचं, ती लाथ झाडायची. माझे आई-वडील चळवळीतले; आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा पत्रकांचा गठ्ठा मोठा. अन्याय दिसला की बोलायचं, हे मी बाराखडीबरोबरच शिकले होते.

"दावं सोड तिचं," मी आत्याला म्हणाले. "बांधावर गवत आहे."

"आन् बाईनं खोली सोडा म्हटलं की? तुझं पत्रक पांघरून झोपू व्हय?"

"पांघरायला कशाला?" मामा म्हणाले. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. "छप्पर गळंल तितं चिकटवू की. लय कामाचं हाय."

दोघंही हसले. मी नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. "अजून खात नाही? तुम्हाला जमत नसेल तर सांगा. मी दुसरं जोडपं बघते."

आत्यानं फोन ठेवला आणि मामांनी वळचणीतून बांबूचं नळकांडं काढलं. तोंडाशी तिरपं कापलेलं. आजारी जनावराला काढा पाजायला आमच्याकडे घरोघर असतं. काढा पातळ असतो. मामांनी आंबोणात पाणी घालून ढवळलं आणि तेच नळकांड्यात भरलं.

"मामा, नका," मी म्हणाले.

"तू लांब हो."

आत्यानं गाईचं नाक धरून मान वर ताणली. मामांनी नळकांडं गालफडात घातलं. गाय खोकली, तरी ओतलं. "गिळ गं बाई, गिळ," आत्या लेकराला समजवावं तशी म्हणत होती. "तुज्यापायी आमी रस्त्यावर येऊ."

सकाळी गाय मान लांब करून धापा टाकत होती. नाकातून तेलकट फेस येत होता, लवंगेच्या वासाचा. गुरांचे डॉक्टर आले. "फुफ्फुसात गेलंय. आणि खाद्यात घालायचं तेल वेगळं येतं, तेही अगदी कणभर. ही बाटली माणसांच्या अंगाला चोळायची आहे."

दुपारी गाय मेली. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बोलावून मागच्या खाचरात खड्डा केला. संध्याकाळी बाई पाहुण्यांना घेऊन पोचल्या. डोळे पुसले, मग आत्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही किती प्रयत्न केलेत! मी सगळं पाहिलं कॅमेऱ्यात."

सगळं पाहिलं. आणि फोन नाही केला. मी तोंड उघडलं, तर आत्यानं माझं मनगट असं दाबलं की नखं रुतली.

"पाहुण्यांपुढे बोलू नका हं, मूड जातो. वासरू देऊन टाकू गोशाळेला. गोठ्याची छान योगा रूम होईल."

"आन् आमची खोली, म्याडम?"

"राहू दे की. साफसफाईला कुणीतरी लागेलच."

आत्यानं हात जोडले. बाई पाहुण्यांकडे गेल्यावर ती माझ्याकडे वळली आणि मनापासून हसली. "ऱ्हायली बग खोली," ती म्हणाली.