कासवाची अंघोळ आणि शनिवारचे वजन

यातला शेवटचा किस्सा मी मल्लप्पाकडून ऐकला: एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी साडेसात वाजता, सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत. मल्लप्पा तिथला अटेंडंट, मूळचा दुधनीचा. बाकीचे किस्से मी स्वतः पाहिलेले आहेत. प्रयोगशाळेत किस्से बरण्यांसारखे साठतात. वेळीच लेबल लावले नाही, तर आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

*

कासव आणले ते कॉलेजमागच्या विणकर वस्तीतल्या नरसक्कांनी. पाठीवर पिवळ्या चांदण्या. ते खात नव्हते. "रोज हौदात सोडते, तरी तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या.

हे कासव कोरड्या माळावरचे असून त्याला पोहता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले.

"पाय मारायचं हो. मला वाटलं, खूश आहे."

कासव त्यांनी आम्हालाच देऊन टाकले.

*

विभागप्रमुख सरांनी सोमवारी त्याचे वजन वहीत लिहायला लावले. "हा दवाखाना नाही. शनिवारी मी स्वतः वजन करीन. वाढलेलं नसेल, तर नमुना म्हणून फॉर्मॅलिनच्या बरणीत."

बरणी घासण्याचे काम मल्लप्पाचे. ती त्याने घासली नाही.

*

मी फळ्यावर नियम लिहिले: पसरट घमेले, कोमट पाणी, तेही हनुवटीच्या खालीच, पंधरा मिनिटे, जवळून हलायचे नाही, साबण नाही, तेल नाही, नंतर कोरडे पुसणे आणि आपले हात साबणाने धुणे.

मल्लप्पाने सगळे वाचले. "तेल न्हाय?"

"अजिबात नाही."

"दिवाळीला बी?"

*

कोमट म्हणजे नेमके किती, यासाठी मी थर्मामीटर शोधत होतो. तोवर मल्लप्पाने घमेल्यात कोपर बुडवले. "लेकराचं पाणी असंच बघत्यात की." थर्मामीटर सापडल्यावर त्याने कोपराला दुजोरा दिला.

कासवाने मान लांबवून भरपूर पाणी प्यायले, आणि मग तेच पाणी घाण केले. अंघोळीनंतरचे वजन आधीपेक्षा कमी भरले.

"हे तर धुऊन धुऊन झिजतंय," मल्लप्पा म्हणाला.

पोट साफ होणे हे चांगले लक्षण आहे, असे मी ठामपणे सांगितले. गुरुवारी कासवाने शेवग्याचा पाला खाल्ला. मल्लप्पा ही बातमी घेऊन सरांकडे गेला. सर म्हणाले, "शनिवारी."

*

शनिवारी मी मोहोळला, बहिणीच्या साखरपुड्यात. मल्लप्पाच्या सांगण्यानुसार, त्याने सकाळी कासवाला अंघोळ घातली, पुसले, पाला चारला. सर पांढरा बुशशर्ट घालून आले आणि त्यांनी कासव एकदम छातीपर्यंत उचलले. घाबरलेले कासव पोटातले पाणी सोडते. हा एक नियम मी फळ्यावर लिहिला नव्हता.

काटा सोमवारच्या आकड्याच्या किंचित खाली थांबला. सरांनी बरणीकडे पाहिले.

"सर," मल्लप्पा म्हणाला, "जे कमी पडतंय ते तुमच्या शर्टात हाय. त्येबी धरा की."

वहीत शनिवारचा आकडा सोमवारपेक्षा जास्त आहे. शेजारी एकच शब्द: 'ठेवावे'. अक्षर सरांचे आहे. ते मी दोनदा ताडून पाहिले. सरांनी बनियनवर उभे राहून शर्ट पारड्यात ठेवला, असे मल्लप्पा आजही सांगतो. तेवढ्या भागाची खात्री मला कधीच करून घेता आली नाही.